एझ्रा पेगच्या हातातला मग

एझ्रा पेग दारूच्या नशेत मेला, हे लिटल हॅम्बरी गावाला इतके पक्के ठाऊक होते, की दर ऑगस्टच्या जत्रेत ते त्याला नव्याने मारत असे. पेंढ्याचा माणूस करायचा, हातात बिअरचा मग बांधायचा, गवताच्या गंजीवर बसवायचा आणि बँड थांबताच दोघांनी त्याला खाली ढकलायचे. मग हशा.

ऋजुताचा तो खापरपणजोबा. तिचे वडील कमलाकर पुण्याचे. आई इंग्लिश, ती आता हयात नव्हती. आईची आई मॉरीन, म्हणजे सर्वांची नॅन, लंडनजवळ पिनरला त्यांच्याकडेच राहत असे. एझ्रा हा नॅनच्या वडिलांचा बाप. नॅन लिटल हॅम्बरीतच वाढली; शाळेत पोरी तिला ‘दारुड्याची नात’ म्हणत. पुढे साऱ्या आयुष्यात तिने ख्रिसमसलाही शेरीचा थेंब घेतला नाही आणि लग्नानंतर त्या गावात पाऊल टाकले नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ती म्हणाली, “एकदा जाऊन येऊ या. पण तो हशा ऐकायला नाही.”

ऋजुता एका काउंटी आर्काइव्हमध्ये नोकरीला होती. पुराव्याशिवाय ती नॅनचेही खरे मानत नसे. एझ्रा दारुडा असणे अशक्य नव्हते, म्हणून तिने मुळापासून सुरुवात केली. आठव्या वर्षी तो शेतातले कावळे हाकलत होता. लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी फुली. सहा मुले, सर्वांत धाकटा, नॅनचा बाप, जेमतेम वर्षाचा असताना, जानेवारी १८७९ मध्ये, एझ्रा मळणीयंत्रावर पेंढ्या सोडताना पाय घसरून फिरत्या ड्रममध्ये पडला. ड्रमवर झाकण नव्हते. झाकण हवे असा कायदा आदल्याच वर्षी झालेला होता. मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या पंचांचा प्रमुख होता यंत्रमालकाचा मेहुणा. निकाल: अपघात.

आणि दारू? सगळा आधार वर्तमानपत्रातल्या एका वाक्याचा. ते कात्रण गावच्या ‘व्हीटशीफ’ पबमध्ये फ्रेम करून लावलेले होते: शव ‘व्हीटशीफ’मध्ये होते. पबमध्ये होता म्हणजे पीत होता, असा गावाने सरळ अर्थ लावला.

जत्रेच्या समितीचे अध्यक्ष मिस्टर टफनेल यांना ऋजुता त्याच फ्रेमखाली भेटली.

“त्या काळी गावात दुसरी मोठी खोली नसायची,” ती म्हणाली. “मृत्यूची चौकशी पबमध्येच भरायची. पंचांना शव बघावं लागे, म्हणून ते तिथे आणून ठेवत. एझ्रा इथे मेल्यानंतर आला.”

“तुझं म्हणणं झालं हे.”

“शेजारच्या गावात तीन महिन्यांच्या बाळाची चौकशी पबमध्ये झाली. ते बाळ काय पीत होतं, मिस्टर टफनेल?”

ते हसले. “अगं पोरी, गंमत असते ती. गावाची जुनी परंपरा.”

“१९७७ पासूनची. राणीच्या ज्युबिलीच्या जत्रेत सुरू झाली. तुम्हीच सुरू केलीत.”

टफनेलनी ग्लास उचलला. “तो पीत नव्हता, हे तरी सिद्ध कर.”

संतापाने तिचे कान तापले. कारण ते तिला सिद्ध करता येणार नव्हते, आणि करता येते असे खोटे ती बोलणार नव्हती. ज्याच्यावर आळ घ्यायला एक वाक्य पुरले, त्याच्या निर्दोषपणाला मात्र साक्षीपुरावा हवा!

जत्रेच्या दिवशी गाडी चालवताना कमलाकर धुमसत होते. “डायरेक्ट सांग ना त्यांना, मालकाने मर्डर केला म्हणून!”

“बाबा, झाकण नव्हतं, एवढंच साक्षीदार म्हणाला. मुद्दाम काढलं होतं असं कोणी म्हणालेलं नाही.”

“तुझं हे आर्काइव्ह ना! चिडायलासुद्धा रेफरन्स लागतो तुला.”

“तुम्ही दोघं इंग्लिशमध्ये भांडा,” मागून नॅन म्हणाली. “भांडण माझ्या आजोबाचं आहे.”

मैदानात पोचले तेव्हा पेंढ्याचा एझ्रा गंजीवर बसलेला होता. बँड थांबला. टफनेलनी हात वर केला. नॅन काठी टेकत थेट गंजीपाशी गेली.

“मी मॉरीन. एझ्रा पेगची नात. त्याच्या हातातला मग काढा.”

कोणीतरी फिसकन हसले. गंजीवरच्या दोघांपैकी एकाने टफनेलकडे पाहिले, नंतर नॅनकडे, आणि दोरी सोडून मग काढला.

आता तिथे होता फक्त कामाच्या कपड्यांतला एक मजूर, उंचावर, तोल सांभाळत बसल्यासारखा. ढकलण्यासाठी पुढे झालेले हात तसेच राहिले.

“आता उतरवा त्याला,” नॅन म्हणाली. “हळू.”

दोघांनी त्याला काखेत धरून खाली आणले.

“मग पुढच्या वर्षी टाकायचं कोणाला?” टफनेल पुटपुटले.

“तुझ्या आजोबाला टाक,” नॅन म्हणाली. “कारण मी सांगते हवं तर. पुरावा तुला लागत नाहीच.”

यावर मात्र मैदान हसले. ऋजुता हसली नाही. तिने पबमध्ये जाऊन फ्रेमखाली एक कार्ड चिकटवले. त्यात चौकशीच्या प्रथेविषयी दोन ओळी होत्या, उघड्या ड्रमविषयी एक, आणि शेवटी: ‘तो प्यायला होता, असे कोणत्याही साक्षीदाराने म्हटलेले नाही.’

त्याहून एक शब्दही जास्त नाही. कमलाकरांनी ते दोनदा वाचले आणि कार्डाचे चारही कोपरे अंगठ्याने घट्ट दाबले.