कोपऱ्यावरचा जाणकार

आमच्या हूटगळ्ळीतला कानडी इस्त्रीवाला टीव्हीकडे पाठ करून बातम्या ऐकतो. चॅनेलवर तज्ज्ञ बोलायला लागला की इस्त्री आपटून म्हणतो, "परवा हाच टोमॅटोच्या भावावर बोलला, अल्वा, हो ना? आज युद्धावर! ह्यालाच कशाला बोलावतात, सर?" गिऱ्हाइकं हसतात, कपडे मिळाले तरी रेंगाळतात. मी कॉलेजात तीस वर्षं जागतिक राजकारण शिकवलं. घंटेनंतर माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. नुसता जळफळाट होतो.

काल सगळ्यांसमोर मुद्दाम विचारलं, "मग तुम्हीच सांगा, युद्ध कधी थांबणार?"

माझ्याच शर्टाची कॉलर दाबत तो म्हणाला, "गोत्तिल्ला, सर. मला नाही ठाऊक."

तरी कुणी हललं नाही. वर्गात एवढं मला एकदाही म्हणता आलं नव्हतं.