निमोण्याच्या तळ्यावरचा तवंग

निमोण्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी समुद्राची कामं करते. जहाजातून तेल सांडलं तर काय करायचं, याचे आराखडे आमची लहानशी कंपनी बनवते. त्यातला माझा भाग औषधाचा. तेलावर औषध कुठे फवारायचं आणि कुठे अजिबात नाही, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, कारण सांडलेलं तेल एक-दोन दिवसांत घट्ट होतं आणि मग औषधाला दाद देत नाही. गावात याची भरपूर चेष्टा होते. घोडनदीला पाणी नाही आणि ही समुद्र सांभाळते, असं पारावर बोलतात. हल्ली मलाही त्यात फारसं खोटं वाटत नाही.

त्या दिवसांत एका उथळ खाडीवरून आमचं अडलं होतं. साबणासारख्या त्या औषधानं तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली जातं. खोल समुद्रात ते पांगतं. उथळ पाण्यात पांगायला जागाच नसते. त्या खाडीत कोळ्यांची कोळंबी वाढते आणि किनाऱ्यावर हॉटेलं आहेत. हॉटेलांना वाळूवर तेल नको, म्हणून आमच्या कंपनीच्या साहेबांना नकाशात ती खाडी फवारणीच्या हद्दीत हवी होती. मी नको म्हणायचे आणि पुढच्या ऑनलाइन बैठकीत तोच नकाशा परत यायचा. मी थकले होते. एकदाचं हो म्हणावं आणि सुटावं, इथवर आले होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दाराशी खुर्ची टाकून हे सगळं ऐकायचे. मला वाटायचं, त्यांना डुलकी लागलेली असते. त्यांचा जीव खाली शेततळ्यात. त्यात त्यांनी रोहू आणि कटला सोडले होते. सकाळी पेंड घेऊन गेले की मासे कडेला गोळा व्हायचे आणि आप्पा त्यांच्याशी बोलत बसायचे. मासे विकायचा विषय काढला की त्यांना ऐकू यायचं बंद व्हायचं.

एका सकाळी लाईट गेली म्हणून ते बांधावरच्या पाणी उपसायच्या इंजिनात डिझेल भरायला गेले आणि कॅन कलंडला. तळ्यावर तवंग पसरला. मी वर बैठकीत होते, म्हणून त्यांनी हाक मारली नाही. धुण्याची पावडर बादलीत कालवून तवंगावर शिंपडली. मग इंजिन चालू करून तळ्याचं पाणी तळ्यातच सोडलं, कारण औषध मिसळायला लाटा लागतात, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं. बैठक संपेपर्यंत ते दारात उभे राहिले, खुशीत.

"तुझ्यावानीच केलं बघ. समदं त्याल गेलं. आता दिसत बी न्हाई."

खाली जाऊन पाहिलं. तवंग नव्हता, पाणी दुधाळ झालं होतं. मी त्यांच्यावर ओरडले. उसाचं पाचट टाकून तेल टिपता आलं असतं, हात लावला नसता तरी बरंचसं उन्हानं उडून गेलं असतं, असं बोलत सुटले. ते एवढंच म्हणाले की तू रोज औषधाचंच सांगायचीस. माझं काम घरात कुणी मन लावून ऐकलं असेल तर ते त्यांनीच, आणि मी त्यांनाच बोल लावत होते. मला फार वाईट वाटलं.

दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. जमतील तेवढे जाळीनं काढून गुरांच्या हौदात सोडले. बरेचसे तिथंही आडवे झाले. आप्पा हौदाच्या कठड्यावर बसून राहिले, जेवायलाही आले नाहीत. मी शेजारी जाऊन बसले, तेव्हा त्यांनी विचारलं, त्या खाडीत पण असंच टाकणार का. अजून ठरायचंय, असं मी सांगितलं.

त्यांनी हौदातला एक आडवा झालेला मासा उचलून कठड्यावर ठेवला. "मला इचारायला तू घरात व्हतीस, तरी म्या इचारलं न्हाई. त्या कोळ्यांनी कुनाला इचारायचं?"

बैठकीत त्यांच्यातलं कुणी नसतं. मीच असते, आणि उद्याच्या बैठकीत मी हो म्हणणार होते. आता ते जमणार नव्हतं. म्हणजे पुन्हा तोच नकाशा, तेच साहेब, तीच वादावादी. तरी नको म्हणायचं पक्कं करूनच मी कठड्यावरून उठले.