भावाच्या गळ्यातली काविळीची माळ

मैत्रिणींनो, आज धाकट्या भावाला परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. लिव्हर खराब झालंय, पोटात पाणी साचलंय. गळ्यात दोन महिन्यांपासून काविळीची माळ. ती लांबत गेली की कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात.

डॉक्टरांनी माळ काढायला लावली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, फार उशीर झाला. पाणी काढू, त्रास कमी करू. बरं होणं अवघड आहे."

माझा नवराही माळेच्या भरवशावरच गेला. तेव्हापासून या आजारावर मिळेल ते वाचलं. तरी भावाकडे उशिराच पोचले.

परतताना देवगाव फाट्यावर तो म्हणाला, "अक्का, माळ फेकली न्हाईस ना? पोटापतोर आली होती बघ."

पिशवीतून काढून मीच त्याच्या गळ्यात घातली. तुम्ही काय केलं असतं?