देव्हाऱ्यातली कॅसेट

नागसेन झेंडे इतका भित्रा माणूस मी उभ्या आयुष्यात बघितला नाही, आणि माझ्या सायबर कॅफेत रोज नाना तऱ्हेची माणसं यायची. आष्ट्यात त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. सुरुवात केली ती दुसऱ्याच्या हाताखाली, वरातीत हॅलोजनचा दिवा धरून. मग कॅमेरा आला, मग दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग, आणि शेवटी बायकोनं, आम्रपालीनं, मागं लागून लागून कॉम्प्युटर घ्यायला लावला. एवढं झालं तरी धास्ती सुटली नाही. कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या मागची टिकली तो भर मांडवात मोडायचा, आणि मोडली का नाही ते घरी जाऊन परत बघायचा. मी चिडवायचो, तर म्हणायचा, जोतीरामदादा, लग्न एकदाच लागतं, परत लावा म्हणता येत नाही.

माझा कॅफे सांगलीत, स्टँडजवळ. नव्व्याण्णव साल. लोक यायचे ते नोकरीचे अर्ज करायला नाहीतर नको ते बघायला. नागसेन यायचा एडिटिंगच्या साइटवर. तिथं देशोदेशीचे एडिटर एकमेकांना अडचणी विचारायचे आणि कोणीतरी अनोळखी माणूस फुकटात उत्तर द्यायचा. आवाज चित्राच्या मागं का पडतो, हे त्याला तिथंच कळलं. इंग्रजी त्याला वाचता यायचं, लिहायला मात्र मीच बसायचो. मधेच फोनची लाईन तुटली की शिव्या मी द्यायचो, आणि घाबरून उठून उभा राहायचा तो. जणू ती लाईन त्याच्यामुळंच तुटली!

तर हा गडी एका दुपारी आला तो घामानं निथळत. मांडीवर पिशवी घेऊन बसला आणि तिची गाठ सोडत-बांधत राहिला. मला राग आला. म्हटलं, अरे बोल की, कुणाचा खून केलायस काय? त्यानं पिशवीतून खणात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट काढली. कॅसेटला बाहेरून कुंकू लागलं होतं.

ती कॅसेट रंगूबाईंची. त्यांचा मुलगा धैर्यशील मिल्ट्रीत होता. वर्षापूर्वी काश्मीरकडं गाडी दरीत कोसळली आणि तो गेला. त्याच्या आधी चारेक वर्षं त्याच्या बहिणीचं, शिवांजलीचं लग्न झालं, ते नागसेननंच शूट केलेलं. धैर्यशील ऐन लग्नादिवशी सुट्टीवर पोचला आणि सगळा वेळ वाढप्यांच्या मागं पळत राहिला, म्हणून सबंध कॅसेटमध्ये तो एकदाच दिसतो. हातात बुंदीचं ताट घेऊन आईला काहीतरी विचारतो, एवढंच. फोटो होते त्याचे, पण आवाज होता तो तेवढाच. आणि त्या काळी मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायची रीत होती, त्यामुळं दुसरी प्रत कुठंच नव्हती.

वर्षश्राद्धाला पाव्हण्यारावळ्यांना दाखवायला त्याची सीडी करून द्या, म्हणून रंगूबाई आणि त्यांचे दीर भाऊसो दुकानात आले होते. एरवी नागसेन झाकण उचलून आतली फीत तपासल्याशिवाय मशिनात काही घालायचा नाही. पण भाऊसो डोक्यावर उभे. लाव की, बघू तरी, म्हणाले. यानं लावली. आतून करकर आवाज झाला, त्यानं घाईनं बंद केली, आणि कॅसेट बाहेर आली ती फीत चुरगाळूनच.

झाकण उचलून बघतो तर आत कुंकू आणि तेल. पोरगा गेल्यावर भाड्यानं व्हीसीआर आणून रंगूबाईंनी कॅसेट लावली होती. धैर्यशील दिसला तिथं त्यांना बघवेना, तिथंच थांबवून त्यांनी ती काढून घेतली आणि देव्हाऱ्यात त्याच्या फोटोपुढं ठेवली. रोज फोटोला कुंकू लावताना त्याच बोटानं झाकण वर करून आतल्या काळ्या फितीलाही लावायच्या. नागसेननं विचारलं तर म्हणाल्या, "आत त्योच हाय न्हवं?"

म्हणजे बघा, फीत थांबलेली त्याच्यावर आणि कुंकू बसलं तेही नेमकं त्याच्यावर. माउलीनं मायेनं केलं, तिला कोण काय बोलणार?

नागसेननं त्यांना कॅसेट साफ करून ठेवतो, चौथ्या दिवशी या म्हणून सांगितलं आणि पहिली एसटी धरून माझ्याकडं आला. मला म्हणाला, "दादा, माणूस एकदा गेलाय. माझ्या हातनं परत गेला तर मी गावात राहू कसा?" आमच्या गल्लीतल्या कुणाकडनं हे झालं असतं तर भाऊसोंनी चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. नागसेन बौद्धवाड्यातला. आपल्याला तसं सोडतील याची त्याला खात्री नव्हती, आणि त्याचं चुकत होतं असं मीही छातीला हात लावून सांगणार नाही.

मी साइटवर सगळं लिहिलं. कॅसेटला कुंकू का लावतात हे परदेशातल्या माणसाला इंग्रजीत सांगताना माझ्या नाकी नऊ आले. त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं खिल्ली उडवली, दुसऱ्यानं कॅसेट फेकून दे म्हणून लिहिलं. ते वाचून नागसेनचा चेहरा पांढराफटक पडला. तिसऱ्या दिवशी कॅनडातल्या एका म्हाताऱ्याचं उत्तर आलं. हयात त्याची असल्या फिती दुरुस्त करण्यात गेलेली. फीत मशिनात अजिबात घालू नकोस, कॅसेटची डबी उघडून हातानं पूस, मग नव्या डबीत चढव. ती एकदाच चालेल असं धर, आणि त्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये भरून घे. शेवटी लिहिलं होतं, चित्र गेलं तरी बंद करू नको, आवाज फितीच्या कडेला असतो.

कॅफे भावाच्या गळ्यात घालून मी आष्ट्याला गेलो. कुंकू उडू नये म्हणून पंखा बंद, दारं बंद. मेडिकलमधलं स्पिरिट आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. नागसेन वीतभर पुसायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. मला तेवढाही धीर निघेना. चिंधी लाल व्हायची, आणि त्यातलं कुंकू किती आणि धैर्यशील किती, हे काही कळायला मार्ग नव्हता.

मग चालवायची वेळ आली. नागसेनचं बोट बटणावर, पण ते दाबेना. लाईट जाईल म्हणाला. म्हटलं, बॅटरी लावलीय. मग म्हणाला, उद्या करू. मी खेकसलो, "दाब, नाहीतर मी दाबतो." त्यानं डोळे मिटून दाबलं.

मांडव दिसला, पंगत दिसली. मग पडदा हलायला लागला, पट्टे आले, आणि धैर्यशील यायच्या जागी नुसत्या पांढऱ्या मुंग्या. नागसेनचा हात बंद करायला धावला, तो मी मनगटाला धरून ठेवला. त्या मुंग्यांतून आवाज आला, थोडा घोगरा, पण स्वच्छ. चेहरा मात्र गेला तो गेलाच.

चौथ्या दिवशी दीर-भावजय दोघं दुकानात आले. भाऊसो बाकावर बसले, रंगूबाई कॉम्प्युटरपुढं. नागसेननं आधी सांगायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी त्यानं सीडी तशीच लावली. पडद्यावर मुंग्या आल्या तसे भाऊसो उठून उभे राहिले, आणि नागसेन भिंतीला टेकला.

तेवढ्यात आवाज आला. "आये, तू जेवलीस का न्हाई अजून?"

"जेवली रं," रंगूबाई म्हणाल्या.

लगेच, सहज, पोरगा पुढ्यात उभा असल्यासारखं. भाऊसो खाली बसले. नागसेननं हात जोडले, म्हणाला, काकी, चेहरा वाचवता आला नाही, माझी चूक झाली. रंगूबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तोंड काय, फोटूत रोज बघती," त्या म्हणाल्या. "आवाज इसरत चालली हुती मी. कुणाला बोलली न्हाई, पर त्येचंच लय भ्या वाटायचं." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी परत लावायला सांगितलं.

नागसेननं परत लावलं. आवाज आला, आणि त्या परत म्हणाल्या, "जेवली रं."