पेज प्यालेली मोटार

माझा स्वभाव तापट, आणि माझी मोटार माझ्याहून तापट. लष्करानं टाकून दिलेली ती जुनी जीप मी लिलावात घेतली होती. अहेरीचा बाजार उठला की सिरोंच्याच्या वाटेवरची माणसं, कोंबड्या, मिठाची पोती, जे मिळेल ते भरायचं आणि निघायचं, असा धंदा. पन्नासनंतरची ती सुरुवातीची वर्षं. नद्यानाल्यांवर पूल तेव्हा कुठले आलेत! पावसाळा लागला की सिरोंचा तुटलं ते थेट दिवाळीपर्यंत. ज्याला काय आणायचं-न्यायचं असेल त्यानं ते मिरगाच्या आत उरकावं.

त्या वर्षी मला माझी बायको आणायची होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी, सिरोंच्याला गेली होती. मुलगी झाल्याचा निरोप आला, पण धंद्याचे दिवस म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ असं होत गेलं आणि लेकीचं तोंड काही मी पाहिलं नव्हतं. अहेरीतल्या माझ्या एका खोलीत पाळण्यासाठी आढ्याला दोर बांधून ठेवला होता. उठताना तो डोक्याला लागायचा आणि मी त्याला शिव्या घालायचो. खोलीत बोलायला दुसरं होतं कोण?

उन्हाळा सरत आला तसा निघालो. रिकामी गाडी कशाला न्यायची, म्हणून मागे एक ढिवर कुटुंब घेतलं. त्यांची जाळी, सुक्या मासोळ्यांची टोपली, आणि मांडीवर भोपळ्याचा तुंबा धरून बसलेली त्यांची म्हातारी. अर्धी वाट झाली असेल नसेल, पुढून वाफा निघायला लागल्या. रेडिएटर गळत होता, ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी त्यानं हद्दच केली. जवळचा पाण्याचा डबा उघडला तर आतलं पाणी कोणीतरी पिऊन टाकलेलं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांना उतरवलं, झाकण निवू द्या म्हणून बजावलं आणि डबा घेऊन जंगलात शिरलो.

नाला कोरडा ठणठणीत. रेतीत हातानं झिरा खणला आणि पाणी पाझरायची वाट पाहत बसलो. ओंजळ ओंजळ करून अर्धा डबा भरला आणि घामाघूम होऊन परत आलो, तर मंडळी झाडाखाली ऐसपैस बसलेली, चेहऱ्यावर समाधान. रेडिएटरचं झाकण पक्कं लावलेलं.

"भाऊ, एवढा कायले धावला?" म्हातारी म्हणाली. "म्या पाजलं ना तिले."

"काय पाजलं?"

"पेज. थंडगार. बिचारी तापून राह्यली होती. आमी तं बैलालेबी पाजतो."

अरे देवा! तांदळाची पेज, शितांसकट! तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिच्या मांडीवरचा तुंबा दिसला. उपडा, रिकामा. त्या सगळ्यांची दिवसभराची पेज होती ती. ते लोक आता संध्याकाळपर्यंत उपाशी राहणार होते आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. उलट मोटारीची सेवा घडली म्हणून खूश. आता शिव्या द्यायच्या तरी कोणाला? मी टायरला लाथ मारली, पाय मात्र माझाच दुखला.

रेडिएटरची खालची तोटी खोलून होतं तेवढ्या पाण्यानं धुवून पाहिलं. पांढरा चिकट लगदा थोडा आला, बाकीचा आत जाऊन बसला. गाडी चालू झाली, हे एक नवल. चढाला लागलो तोच तळाला लागलेल्या भाताचा वास आला. सगळ्यांनाच आला. "कोन रांधून राह्यलं इथी?" म्हातारीनं विचारलंसुद्धा. मग आत फाटकन काहीतरी तडकलं आणि मोटार थांबली ती थांबलीच.

दुपार कलताना बैलबंड्यांची रांग आली. बैलांच्या मागे बसून ढिवर मंडळी गेली. जाताना म्हातारीनं बोनेटवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "दवा लागली नाई वाटते रे भाऊ." मग चाकांचा आवाज दूर दूर गेला, आणि मी उरलो.

मोटार सोडून जायची सोय नव्हती. चाकं, बॅटरी, दिवे, जे निघेल ते गेलं असतं. लाकडाच्या ट्रकवाल्याबरोबर आलापल्लीच्या मिस्त्रीला निरोप धाडला आणि सीटवर घोंगडी टाकून मुक्काम ठोकला. मिस्त्री आला, हेड खोललं, आत पाहिलं. इंजिनच्या ब्लॉकला तडा होता. "दुसरं इंजन टाकावं लागते भाऊ," तो म्हणाला, आणि खर्च सांगितला. मला हसू आलं. तेवढे पैसे असते तर ही खटारा घेतली असती कशाला? मिस्त्री हसला नाही. ट्रकवाल्यानं मला आणून दिलेली पोळी-भाजी खाल्ली, हात पुसले आणि परतीच्या ट्रकवर चढला.

मग मी बसून राहिलो. पैसे कुठून येतील याचा विचार करत बसलो, आणि तो विचार दोन मिनिटांत संपायचा, कारण कुठूनच येणार नव्हते. मोठ्या भावाला चांद्याला निरोप धाडून विचारलं होतं. त्यानं स्वतःच्या अडचणी ऐकवल्या. दिवसा सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर वाजायची आणि कोणी आलं असं वाटून मी उठून बसायचो. कोणी नसायचं. सरळ सांगतो, त्या रस्त्यावर मला जेवढं एकटं वाटलं तेवढं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा रडायला घरभर माणसं होती.

आमच्याकडे जंगलात एक रीत आहे. वाघानं माणूस मारलेल्या जागी येणारा-जाणारा एक फांदी नाहीतर दगड टाकून पुढे जातो. एकदा दुपारी डोक्यावरून घोंगडी घेऊन पडलो होतो, तर काहीतरी खसखसलं. पाहतो तो बोनेटवर हिरव्या फांद्यांचा हा ढीग! डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आणखी एक फांदी ठेवत होती.

"अहो बाई, मेलो नाही मी अजून!" मी ओरडलो.

ती जागची हलली नाही. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "मंग असा काऊन पडून राह्यला?"

 "तुले काय करायचं?" म्हणून खेकसलो, फांद्या भिरकावल्या. ती मोळी सावरत निघून गेली. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मला वाटलं, अजून थोडी भांडली असती तर बरं झालं असतं.

सिरोंच्याकडून येणाऱ्या एका बंडीवाल्यानं बायकोचा निरोप आणला. निरोप एवढाच, की कधी येता? मी त्याला खोदून खोदून विचारलं: लेक कशी आहे? कोणावर गेली? काळी की गोरी? तो म्हणाला, "लेकरू लेकरासारखं आहे." घ्या! मी त्याच्याजवळ उलटा निरोप दिला, की मोटार चालू झाली की त्याच पावली निघतो. दुसरं काय सांगणार होतो? पायी गेलो असतो. पण महिन्या-दोन महिन्यांचं लेकरू आणि ओली बाळंतीण त्या उन्हात पायी आणता येतात का? आणि आणून खायला घालायचं काय, जर माघारी मोटारीचा सांगाडा उरला असेल?

शेवटी वाट निघाली ती लाकडाच्या ठेकेदाराकडून. त्याच्या डेपोत झाडाला धडकून चेपलेली एक जीप पडून होती. इंजिन शाबूत होतं. तो स्वतः येऊन माझ्या मोटारीभोवती एक फेरी मारून गेला आणि म्हणाला, "इंजन मी देतो, मिस्त्रीबी माझा. पर पाण्याआधी जंगलातलं सारं लाकूड डेपोवर आलं पाहिजे. तवर गाडी माझी, अन् गाडीसोबत तू बी. पुढचा हंगामबी."

"मला आधी सिरोंच्याला जाऊन येऊ द्या. बायको आणायची आहे," मी म्हणालो.

"लाकूड उठलं का जा की. मी काय तुले बांधून ठेवतो?"

बांधूनच ठेवत होता, आणि ते दोघांनाही कळत होतं. नाही म्हणालो असतो तर जीप तिथंच गंजून गेली असती. मी हो म्हणालो. ट्रकाच्या मागे दोर बांधून मोटार आलापल्लीला ओढत नेली. सिरोंच्याकडे तोंड करून उभी होती, ती उलटी वळवली.

इंजिन बसलं, आणि काय सांगू, माझी मोटार अशी कधी चाललीच नव्हती! हँडलच्या एका झटक्यात सुरू. न तापणं, न कुरकुरणं. तीच मोटार घेऊन मी मजूर, त्यांचं धान्य, ट्रकांचं पेट्रोल असं काय काय जंगलात नेत होतो, आणि सिरोंच्याच्या फाट्यावरून रोज दुसऱ्या बाजूला वळत होतो. मजुरांवर विनाकारण डाफरायचो. ते आपसात म्हणायचे, याची बायको घरी नाही म्हणून हा असा. खरंच होतं. जिथं तिथं लाकूड पडलेलंच दिसायचं, आणि आभाळ रोज थोडं थोडं खाली यायचं.

शेवटचा ओंडका उठला त्या दिवशी ठेकेदारानं मान हलवली. सासऱ्यांना मी आधीच टपालाच्या माणसाकडून सांगून ठेवलं होतं: अमुक बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लेकीला आणि नातीला बंडीनं मोठ्या नाल्यापर्यंत आणा, डोंग्यात बसवून मी अलीकडे घेतो. वळवाच्या सरींनी नाल्याला पाणी आलं होतं, आता बैल जुंपूनही मोटार पलीकडे नेता आली नसती. पहाटे निघालो. लेकीसाठी मागच्या सीटवर गवताची गादी केली होती. वाटभर मी एकटाच मोठमोठ्यानं बोलत होतो. आता रडू नकोस हं, धूळ लागेल, तोंड झाक, असं काहीबाही. मला लाज वाटली नाही.

नाल्याच्या उताराला लागलो आणि आवाज ऐकू आला. रात्रभरात आमच्याकडे एक थेंब पडला नव्हता. वर कुठंतरी डोंगरात कोसळला असणार. लाल पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं, अख्खी झाडं घेऊन. डोंगेवाल्यानं डोंगा उचलून वर काढून ठेवला होता आणि तो विडी ओढत बसला होता.

"भाऊ, हे पानी मी उतरत नाई," मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला. "मले लेकरं आहेत."

"मलेबी एक आहे. त्या काठाले."

त्यानं मान खाली घातली. मी म्हणालो, मोटार देतो. अख्खी मोटार, घे! नवं इंजिन आहे तिच्यात! तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहत राहिला. "मोटार घेऊन पान्यात जाऊ का?" तो हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

तेवढ्यात पलीकडे बंडी आली. आधी सासरे उतरले, मग ती. पदराखाली गाठोडं. ती थेट पाण्याच्या काठापर्यंत आली आणि सासऱ्यांनी तिचा दंड धरून मागे ओढलं. मी ओरडलो. तीही ओरडली असेल. मधल्या पाण्यानं सगळं खाऊन टाकलं. मग तिनं पदर बाजूला केला आणि लेकीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरलं, मला दिसावं म्हणून. मला एक काळं डोकं दिसलं आणि वळवळणारे दोन पाय. चेहरा दिसला नाही.

सासरे बैल वळवायला लागले. त्यांच्याही मागे नाले होते. उशीर केला असता तर ते तिघं मधेच अडकले असते. त्यांची चूक नव्हती. मी मोटारीकडे धावलो आणि हॉर्न दाबला. दाबूनच धरला.

तो मात्र पोहोचला. बैल बिचकले. लेक एकदम दचकली आणि हातपाय झाडायला लागली. बायकोनं तिला घाईनं खांद्यावर घेतलं, थोपटलं, माझ्याकडे पाठ करून झुलवत राहिली. लेक रडत होती. एवढ्या लांबूनही कळत होतं, की चांगली जोरात रडत होती. मी हॉर्नवरचा हात काढला, इंजिन बंद केलं आणि श्वास रोखून ऐकत राहिलो.

मला पाणीच ऐकू आलं.