मुद्देमाल, एक भोपळा

खून, दरोडे, दंगली यांच्या फायली आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण जव्हारला असताना झालेली भोपळ्याची चोरी तेवढी जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मी एकटाच हसतो. नावं कोणाचीच देणार नाही. त्यातली काही मंडळी आज हयात नाहीत आणि जी आहेत ती आजोबा झाली आहेत. नातवंडांसमोर त्यांची अब्रू मी का काढू?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पालघर जिल्हा अजून झाला नव्हता, जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होतं. मी सोलापूरकडचा, नुकताच बदलून आलेला फौजदार. भातं कापून खळ्यावर आली होती आणि दिवाळी तोंडावर होती. सकाळची हजेरी उरकून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदार मोठ्यानं हसला. बाहेर गेलो तर पायरीवर एक म्हातारा बसलेला. दाभोशाकडून पहिल्या जीपनं आला होता.

"साहेब, यांचा भोपळा चोरीला गेलाय," अंमलदार म्हणाला. "डायरीत काय लिहू, दुधी की लाल?"

"भोपळा नाय सायेब," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तारपा."

तारपा म्हणजे काय हे मला तेव्हा ऐकूनच ठाऊक होतं. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या आणि पुढं ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. नवं भात घरात आलं की हा वाजतो, आणि त्याच्याभोवती अख्खा पाडा हात धरून नाचतो. मी आपलं साहेबी शहाणपण सांगितलं, "बाबा, मग दुसरा करा की."

"तारपा दुसरा व्हईल. भोपळा कुठून आनू?" त्यानं वर पाहिलं. "माझे बायकोनी छपरावर चढवला व्हता तो येल. ती गेली मागल्या वरसाच्या पावसाळ्यात. भोपळ्यावर तिनी तांदळाच्या पिठाचे ठिपके काढलेत, हाताच्या बोटांनी. त्येवढंच ऱ्हायलंय तिचं."

अंमलदाराचं हसू थांबलं. मी त्याच्या हातून डायरी घेतली आणि वर्णन स्वतः लिहिलं: मोठा तारपा, भोपळ्यावर पांढरे ठिपके, आवाज खोल. 'आवाज खोल' हे मुद्देमालाचं वर्णन मी आयुष्यात एकदाच लिहिलं.

दोन दिवस काही हाती लागलं नाही. तिसऱ्या दिवशी खबर आली ती दाभोसा रस्त्यावरच्या जीपवाल्याकडून. आमच्या भागात जीपवाल्याइतका पक्का खबऱ्या दुसरा नाही. कोण कुठं चढला, कोण कुठं उतरला, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळं त्याला पाठ. तो म्हणाला, "सायेब, त्या दिवशी एक जन घोंगडीत लांब बोचकं गुंडाळून बसला व्हता. मी म्हटलं, टपावर टाक. तर बोचकं मांडीवर घेतलं आनि सोताच्या पोराला टपावर बसवलं!"

"उतरला कुठं?"

"जामसरच्या फाट्याला. अंधुक व्हतं, तोंड नाय दिसलं."

जामसरच्या बाजूला नावाजलेले तारपेवाले चार. चौघांनाही बोलावणं धाडलं आणि एकेकाची चौकशी सुरू केली. माझी पद्धत तेव्हा एकच होती, टेबलावर काठी आणि तोंडात दम. चौघांचं उत्तरही एकच. "नाय माहीत, सायेब." मी आवाज चढवला की ते जमिनीकडं बघायचे. आणखी चढवला की भिंतीकडं. दुपारपर्यंत माझाच घसा बसला.

आमचे हवालदार मोखाड्याचेच, वयानं माझ्याहून बरेच मोठे. त्यांनी मला चहा आणून दिला आणि हळूच म्हणाले, "साहेब, एक सांगू? दरडावलं की आमची माणसं गोगलगाईसारखी आत जातात. यांना सोडा आत्ता. बाजाराच्या दिवशी आपापले तारपे घेऊन या म्हणावं. सगळे तारपे. साहेबांना बघायचेत म्हणून सांगा."

"चोरलेला कोण घेऊन येईल?"

"घेऊन नाही यायचा. पण तारपेवाला एकदा आपल्या तारप्याबद्दल बोलायला लागला, की त्याला त्याची आईसुद्धा गप्प करू शकत नाही."

मला हे काही पटलं नव्हतं. पण माझ्याकडं दुसरा मार्ग कुठं होता?

बाजाराच्या दिवशी पोलीस ठाण्याचं आवार बघण्यासारखं झालं. बोलावले होते चार, आले अकरा! मोखाड्याकडच्या तिघांना तर कोणी सांगितलंही नव्हतं, कानोकानी ऐकून आले. कोणी दोन तारपे आणलेले, कोणी तीन, एका पठ्ठ्यानं पाच. आवारातल्या आंब्याच्या खालच्या फांद्यांना सगळे टांगले. काठीपुढं मुके झालेले तेच चौघे, पण आता एकेकाला कंठ फुटला होता.

"ह्यो बघा सायेब, याची मान बघा. असा बाक असलेला भोपळा धा वर्सांत एक येतो."

"मानेचं काय घेऊन बसला? मेण बघा. माझं मेण कड्यावरच्या पोळ्याचं, उन्हातपन पाघळत नाय."

"कर्ना लांब असून उपयोग नाय, दादा. वारा धरला पायजे त्यानी."

"तुझा वारा माहीत हाय आमाला. लगनात दम लागला तवा मीच उभा ऱ्हायलो ना तुझ्या जागी?"

सगळे हसले. ज्याला टोमणा बसला तोही हसला. पाचवाल्यानं तर पाचही तारप्यांच्या वेलांची वंशावळ सांगितली, कुठल्या मामाच्या छपरावरचं बी, कोणत्या पाड्यावरून आणलेलं. त्यानं पोरांच्या शिक्षणाबद्दल इतक्या अभिमानानं सांगितलं असतं की नाही, शंका आहे. मी खुर्ची बाहेर मागवली आणि नुसतं विचारत राहिलो, हे कशाचं, ते कसं. काठी आत टेबलावरच राहिली होती.

जामसरकडच्या चौघांतला एक मात्र कडेला बसून होता. चाळिशीतला, काटक. त्यानं दोनच तारपे आणले होते. "किती आहेत तुझ्याकडं?" विचारलं तर "दोनच" म्हणाला आणि विडी पेटवली.

मग मोखाड्याच्या एकानं आपला मोठा तारपा खाली घेतला. गाल फुगवून असा वाजवला, की बाजारातली माणसं कुंपणाशी गोळा झाली. थांबला, तोंड पुसलं आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "बोला! याच्या खाली जानारा आवाज दोनी तालुक्यांत कोनाकडं हाय कं?"

त्यानं पुन्हा विचारलं, यावेळी थेट त्या कडेच्या माणसाकडं बघून. मी पाहत होतो. त्याची विडी तोंडातच राहिली, आणि तो फसकन हसला.

"ह्याला खाली म्हनतोस? माझे घरात टांगलाय त्यो ऐक, मंग बोल. फुंकला की पोटात घुमतो!"

बोलून गेला आणि सगळ्यांच्या नजरा आंब्याकडं वळल्या. त्याचे दोन्ही तारपे तर समोर आंब्याला लटकत होते. अकराच्या अकरा जणांना ठाऊक होतं, की तसला आवाज दोन्ही तालुक्यांत एकाच भोपळ्याचा.

हवालदारांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बीट शिपायाला म्हणाले, "जीप काढ."

तासाभरात तारपा आला, त्याच घोंगडीत. भोपळ्यावरचे ठिपके जागच्या जागी होते. ओल्या फडक्यानं पुसले असते तर पुरावाच उरला नसता. मी त्या कडेच्या माणसाला विचारलं, "का नाही पुसलेस?"

"हात नाय धजला, सायेब. तिनी काढलेले. माझ्या लगनात तीच नाचली व्हती सगल्यांच्या पुढं."

"मग चोरलास का?"

यावर मात्र तो जमिनीकडं न बघता माझ्याकडं बघून बोलला. "वरीस झालं. त्यानी फुंकला नाय. दोनदा गेलो, म्हटलं मला दे, मी वाजवतो. नाय म्हनला. भिताडावर टांगून तारपा मरतो, सायेब. वाळवी लागते. आवंदाबी तसाच ऱ्हायला असता."

दाभोशाचा म्हातारा दुपारच्या जीपनं आला. तारपा मांडीवर घेऊन तो ठिपक्यांवरून एकेक बोट फिरवत बसला. मी कागद पुढं केला, आता रीतसर तक्रार द्या म्हणालो. त्यानं कागदाकडं पाहिलं नाही. चोराकडं पाहिलं.

"मेण कुनी बदललं?"

"मी. चिरलं व्हतं."

"हं." नव्या मेणावर त्यानं अंगठा दाबून पाहिला. मग तारपा त्याच्या पुढं केला. "वाजव. ऐकू दे मला."

त्यानं वाजवला. तो आवाज मी काय वर्णन करू? खरंच पोटात घुमला. कुंपणापाशी आलेल्या बाजारकरी बायांनी हात गुंफले, पुरुष जोडले गेले, आणि पोलीस ठाण्याच्या आवारात भरदिवसा फेर सुरू झाला. हवालदारांनी माझा हात धरून मला ओढलं. "साहेब, तारप्याकडं पाठ करायची नाही, एवढं सांभाळा." बुटांनी माझा ताल चुकत होता आणि शेजारची बाई मला बघून तोंडावर पदर धरून हसत होती. म्हातारा पायरीवर बसून रडत होता. थोड्या वेळानं उठला, फेराच्या मधे गेला, त्याच्या तोंडचा तारपा आपल्या तोंडी घेतला. आवाज क्षणभरच तुटला असेल.

तक्रार त्यानं शेवटपर्यंत दिली नाही. माझ्या डायरीत 'हरवलेली वस्तू मिळाली, मालकाच्या ताब्यात दिली' अशी नोंद आहे. नियमाच्या काट्यावर ती बसते असा माझा दावा नाही. जाताना म्हाताऱ्यानं कमरेची पुरचुंडी सोडली. त्याच भोपळ्याचं बी राखेत जपून ठेवलं होतं. चार बिया त्यानं चोराच्या हातावर ठेवल्या. "छपरावर चढव. पुन्ना माझे घरात शिरू नको." आणि दोन मला दिल्या. का, ते मी विचारलं नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं ते पोलीस प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. भीतीनं माणूस तोंड मिटतो. त्याला ज्याचा अभिमान आहे ते विचारा, तो कुलूपकिल्लीसकट सगळं उघडून दाखवतो. पुढं मोठमोठ्या गुन्ह्यांत मला याचा उपयोग झाला, आणि टेबलावरची काठी कायमची कपाटात गेली.

बदली होऊन गेलो तिथं मी त्या बिया लावल्या. पहिल्या भोपळ्याची सौभाग्यवतींनी भाजी केली, ती कडूजहर निघाली. दुसरा मी वाळवला. तो आज आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेला आहे. निवृत्त मित्र जमले की कोणी पदकं दाखवतं, कोणी साहेबांबरोबरचे फोटो. मी भोपळा खाली काढतो. "वाजतो का हो?" ते विचारतात. वाजत नाही, त्याला नळ्याच नाहीत. पण मला राहवत नाही. "याच्या घराण्याच्या खाली जाणारा आवाज दोन तालुक्यांत नाही," मी म्हणून जातो आणि लगेच जीभ चावतो. असंच बोलून एक जण माझ्यासमोर पकडला गेला होता.