मावल्याच्या तळ्यावरची वेचणी

काल रविवारी सकाळी साडेसहालाच मी मावल्याच्या तळ्याकाठी येरझारा घालत होतो. जीव नुसता खालीवर… माणसं येतील का, आणि नऊच्या आत काम उरकेल का?

नऊला नगरपालिकेचा ट्रॅक्टर येणार होता, एकाच फेरीसाठी. मागच्या वर्षी आम्ही कचरा गोण्यांत भरला, पण उचलायला गाडीच सांगितली नव्हती. कुत्र्यांनी गोण्या फाडल्या, वाऱ्याने सगळं परत पाण्यात… ज्या काठावर बसून मी शाळेतल्या कविता पाठ केल्या, तिथे आता पत्रावळ्या आणि पाण्याची पाउचं.

म्हणूनच मित्रांच्या आणि घरच्या, दोन्ही ग्रुपवर 'कचरा' हा शब्द लिहवेना. लिहिलं, "रविवारी सकाळी मावल्याला वेचणी. जरूर या." कवितेत फुलं वेचतात ना, तसं काहीसं मनात होतं.

आठ-दहा मित्र आले, सगळे माझ्यासारखेच रिटायर्ड. जो तो वाटेल तिकडे वाकतोय, फोटो काढतोय. आठ वाजले तरी चारच गोण्या… मी घड्याळ बघून बघून हैराण.

तेवढ्यात ऑटोतून गंगावहिनी उतरल्या, माझ्या थोरल्या भावाच्या मंडळी. सीमेवरच्या आमच्या गावाहून, दोन शेजारणींना घेऊन… आणि तिघींच्या कमरेला कापूस वेचायची ओटी!

"भाऊजी, वावर कुठी हाय?"

मी मावल्याला शेत घेतलं आणि पहिल्या वेचणीला बोलावलं, असं समजून त्या घरची वेचणी टाकून आल्या होत्या. मी ओशाळून काठाकडे बोट दाखवलं.

वहिनींनी पदर खोचला. "अन् हे लोक कोंबड्यावानी काऊन फिरून राह्यले? पात धरा ना!"

पात म्हणजे प्रत्येकाची आपली ओळ. त्यांनी सगळ्यांना एका रेषेत उभं केलं, रिकामी पोती ओटीसारखी कमरेला बांधायला लावली… दोन्ही हात मोकळे! माझं काही सुटलं की मागून हाक, "भाऊजी, डोये कुठी हाय?"

"सार, अयिपोयिंदा?" झालं का, असं ट्रॅक्टरवाला तेलुगूत विचारत आला, तेव्हा शेवटच्या गोणीचं तोंड बांधत होतो. एकही गोणी मागे राहिली नाही.

जाताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "उद्या आमच्या वावरात येजा. वेचणी तशीच पडली हाय."

आज आलोय. माझी पात अर्ध्यावरच आहे, कंबर धरलीय, म्हणून जरा टेकून हे लिहितोय… आणि वहिनी आपली पात संपवून समोरून माझी वेचत येताहेत.